पेड, पीळ आणि गोफ : आठवीच्या प्रकल्पाच्या नोंदी

१८ जून

यंदाच्या प्रदर्शनाचा विषय ठरला : वेणी. केसांची, दोरीची, चामड्याची, आणि निसर्गात कुठे सापडलीच तर तीही. गेली दोन वर्षं आठवीकडून कागदी पिशव्या झाल्या, त्याचा मुलांना नि मला सारखाच कंटाळा आलाय. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "वेणी? त्यात प्रकल्प कसला?" पण नको म्हणाल्या नाहीत. कार्यानुभवाचे तास माझे, मोजमाप आणि आकृत्या गणिताच्या सरांकडे.

वर्गात विचारलं, तिपेडी वेणी कोणाकोणाला येते? मुलींचे सगळे हात वर. मुलग्यांत दोघे. एकाची बहीण बालवाडीत आहे आणि आई सकाळची पाळी करते, त्यामुळे वेणीफणी त्याच्याकडे. दुसऱ्याने कारण सांगितलं नाही. "कशी घालता ते शब्दांत सांगा" म्हटल्यावर मात्र सगळे हवेत बोटं फिरवायला लागले. "बाई, असं... मग असं." शेवटी फळ्यावर लिहिलं : उजवा पेड मधल्यावरून मध्ये, मग डावा पेड मधल्यावरून मध्ये, परत उजवा. बस्स, एवढंच असतं.

२४ जून

लाल, पिवळी, निळी अशी तीन सुतं, बाकाच्या कडेला चिकटपट्टीने टोकं पक्की. प्रत्येक चालीनंतर रंगांचा क्रम वहीत लिहायचा.

सुरुवात लाल-पिवळा-निळा. उजवा आत : लाल-निळा-पिवळा. डावा आत : निळा-लाल-पिवळा. मग निळा-पिवळा-लाल, पिवळा-निळा-लाल, पिवळा-लाल-निळा आणि सहाव्या चालीला पुन्हा लाल-पिवळा-निळा. बरोबर सहा चालींनी प्रत्येक पेड आपल्या मूळ जागी. लांबसडक शेपटा असो की बोटभर वेणी, हा सहाचा फेरा सुटत नाही.

पुढचा भाग सरांचा. सहा चालींची वेणी घेतली आणि त्यातलं फक्त पिवळं सूत हलकेच ओढून काढलं. उरलेली दोन एकमेकांत अडकलेलीच नव्हती! सरळ सुटी झाली. लाल काढून बघितलं, निळं काढून बघितलं, तेच. म्हणजे वेणीत कुठलेही दोन पेड एकमेकांना बांधलेले नसतात, तिघं मिळूनच धरून राहतात. वर्गाचा विश्वास बसेना, प्रत्येकाने आपापल्या बाकावर करून बघितलं आणि तास त्यातच संपला.

सरांनी आणखी एक केलं. त्या सहा चालींच्या वेणीची वरची टोकं खालच्या टोकांना रंगाप्रमाणे जोडली. तीन कड्या तयार झाल्या, अशा गुंतलेल्या की कुठलीही एक कापली की बाकीच्या दोन मोकळ्या. या बोरोमिअन कड्या. इटलीतल्या बोरोमेओ घराण्याच्या चिन्हात त्या आहेत, म्हणून हे नाव. वेण्यांचं रीतसर गणित १९२५ च्या सुमारास एमिल आर्टिनने मांडलं : एका वेणीखाली दुसरी जोडली की तिसरी वेणी मिळते, आणि प्रत्येक वेणीला तिला पुरती उलगडणारी उलटी वेणी असते. आठवीला एवढं पुरे. सरांचा उत्साह बघता दहावीपर्यंतचं त्यांनी आजच सांगून टाकलं असतं.

२ जुलै

आज चामडं, म्हणजे परवडेल ते रेक्झिन. एका पट्टीला मधोमध दोन उभ्या चिरा द्यायच्या, दोन्ही टोकं अखंड ठेवायची. तीन पाय झाले, पण मोकळं टोक एकही नाही. याची वेणी घाला.

बराच वेळ "बाई, होऊच शकत नाही" चाललं. होतं. वर एकेक चाल घालत गेलं की खालच्या अंगाला तितकाच उलटा गुंता साठत जातो. तीन चाली झाल्या की पट्टीचं खालचं टोक पायांमधल्या फटीतून ओवून घ्यायचं, आणखी तीन चाली, परत ओवायचं. सहा चाली पुऱ्या झाल्या की गुंता नाहीसा आणि वेणी पट्टीतच उमटलेली. पाच चालींवर थांबलेल्यांची पट्टी वेडीवाकडी राहिली. परवाचा सहाचा फेरा इथे कामाला येतो, हे सांगायच्या आधीच मागच्या बाकावरून आलं. बरं वाटलं.

एका मुलाने वडिलांची कोल्हापुरी चप्पल आणली. (वडिलांना सांगून आणली का, ते विचारलं नाही.) पट्ट्यावरची वेणी आम्ही भिंगातून बघितली. जेमतेम शेवईएवढ्या चामड्याच्या दोऱ्या, कडा किंचित वर वळलेल्या, आणि प्रत्येक ओलांडणीच्या खाचेत तेलाचा काळा थर. जिथे पाय घासतो तिथे वरचा पेड झिजून चपटा झालाय, त्याच्याखालून गेलेला मात्र अजून गोल आहे. म्हणजे झीज पेडांमध्ये वाटली जाते, एकच पेड सगळी सोसत नाही. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी चार जिल्ह्यांना मिळून. फलकावर हे एका ओळीत बसेल.

११ जुलै

वस्तूंचा ढीग : सुतळी, काथ्या, बुटाची लेस, परकराची नाडी, जुन्या इस्त्रीची सुती वेष्टनाची वायर, केबलवाल्याची काळी वायर, ट्रेकला नेतात त्या रोपचा तुकडा, अबोलीची वेणी. दोन टोपल्या ठेवल्या, एकीवर पीळ आणि दुसरीवर वेणी. बघा, ओळखा, टाका.

सुतळी आणि काथ्या पीळ, त्याबद्दल वाद नाही. सगळे पदर एकाच बाजूला कलत जातात. लेस वेणीत, नाडी वेणीत. अबोलीवर तंटा झाला. आणणारीची आई वेण्या करून दादरला उड्डाणपुलाखालच्या फुलबाजारात देते. तिने सोडवून दाखवलं : फुलांचे देठ एकावर एक आडवे ठेवून एकाच दोऱ्याचे फास घातलेत, तीन पेड नाहीतच. दोन्ही टोपल्यांत बसेना, म्हणून ती तिच्या केसांतच गेली.

मग चाचणी. पाण्याने भरलेली लिटरची बाटली जाड सुतळीला टांगली. बाटली गरगर फिरायला लागली. पदर एकाच बाजूला कललेले, वजन आलं की पीळ उलगडू बघतो. तशाच सुतळीची तिपेडी वेणी करून तिला टांगली, तर बाटली जागची हलली नाही. वेणीत जितके पेड डावीकडे जातात तितकेच उजवीकडे, एकाची ओढ दुसरा मोडतो. अख्ख्या प्रकल्पात पाहुण्यांना दाखवायला याहून चांगलं काही नाही. बाटली मधोमध ठेवायची, पायऱ्यांवरूनही दिसली पाहिजे.

केबलची वायर कटरने सोलली. काळ्या वेष्टनाखाली तांब्याच्या केसांएवढ्या तारांची जाळी, चार-चार तारा शेजारी झोपलेल्या, त्यांचा प्रत्येक पट्टा दोन पट्ट्यांवरून जाऊन दोन पट्ट्यांखालून निघतो. बाहेरचे विद्युत संदेश आतल्या तारेपर्यंत पोचू नयेत म्हणून ही जाळी. तिला दोन्ही टोकांकडून आत रेटलं की ती फुगते, ओढलं की आवळते. हे मुलांना इतकं आवडलं की सगळी वायर सोलून झाली, माझ्या नकळत थोडी जास्तच. ट्रेकच्या रोपमध्ये उलटा मामला : भार मुख्यतः आतल्या पांढऱ्या सुतांच्या गाभ्यावर, आणि वरची नक्षीदार वेणी दगडाच्या घासण्यापासून त्याला जपते.

२६ जुलै

पाऊस. या तारखेला आभाळ भरून आलं की परळमध्ये आया दुपारीच मुलं न्यायला येतात, २००५ अजून कोणी विसरलेलं नाही. अर्धा वर्ग गेला. उरलेल्यांनी पुठ्ठ्याच्या चकत्या कापल्या : कडेला आठ खाचा, मधल्या भोकातून सात दोरे. रिकामी खाच आपल्याकडे, तिच्यापासून एकाच बाजूने मोजून तिसरा दोरा उचलायचा, रिकाम्या खाचेत टाकायचा, चकती फिरवायची. भोकाखाली गोल वेणी उतरत जाते. जपानमध्ये वेणीच्या दोऱ्यांची मोठी परंपरा आहे, कुमिहिमो. त्याचं हे शाळकरी रूप. वीज जाऊन आली तरी कोणी मान वर केली नाही.

३ ऑगस्ट

निसर्गातल्या वेण्या शोधायला भूगोलाच्या बाई आल्या आणि खरी वादावादी झाली.

ओहोटीला दादर चौपाटीवर गेलो होतो. वाळूतून पाझरून समुद्राकडे जाणारं पाणी बोटाएवढ्या धारांत फुटतं, मध्ये वाळूचं बेट सोडतं, पुढे परत एक होतं, परत फुटतं. बाई म्हणाल्या, हीच ब्रह्मपुत्रा. आसामात नदी अशीच वाहते, माजुली बेट तिच्याच प्रवाहांमधलं. हिमालयातून येणारा गाळ अफाट, पाणी कधी प्रचंड तर कधी कमी, काठ भुसभुशीत. वाहून नेणं झेपलं नाही की नदी गाळ मध्येच टाकते आणि त्याला वळसा घालून दोन वाटांनी जाते. सह्याद्रीतल्या नद्या सहसा असं करत नाहीत, त्यांच्या तळाला कातळ.

सरांचं म्हणणं, ही वेणीच नव्हे. कोण कोणाच्या वरून गेलं? पाणी पाण्याला भेटलं आणि मिसळलं, पेड राहिलेच नाहीत. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि दोघंही ऐकायला तयार नाहीत. मी सरांच्या बाजूने. दिसायला सारखं म्हणून एका टोपलीत टाकायचं असेल तर बाटलीच्या चाचणीला काय अर्थ? पण चौपाटीचे फोटो सुंदर आलेत. नदी राहील, वेगळ्या फलकावर, "वेणीसारखं दिसणारं" या मथळ्याखाली. तिथेच शनीचं एफ कडं जाईल. १९८० मध्ये व्हॉयेजर-१ यानाने पाठवलेल्या चित्रांत ते पेड गुंफल्यासारखं दिसलं होतं, आणि त्याच्या दोन्ही अंगांना प्रोमिथिअस आणि पँडोरा हे चंद्र फिरतात.

वेली मुलांनी बऱ्याच आणल्या. गुळवेल, गोकर्ण. सगळ्या पिळाच्या टोपलीत. वाढणारा शेंडा एकाच दिशेने फिरत जातो, त्याला उलट वळून दुसऱ्यावरून यायचं कारण नसतं. रोपवाटिकेत मिळणारी पाचिराची वेणीदार खोडं असतात, ती माळ्याने रोपं कोवळी असताना गुंफलेली. त्यामुळे तीही हस्तकलेतच.

१२ ऑगस्ट

केसांचा दिवस. ज्यांच्या घरून चिठ्ठी आली त्यांच्याच केसांना हात लावायचा, फणी ज्याची त्याची.

तिपेडी, चौपेडी, पाचपेडी झाल्या. सागरवेणीला सगळ्यांचे डोळे लागले. ती कपाळापासून सुरू होते आणि प्रत्येक चालीला बाजूच्या पेडात डोक्यावरचे थोडे नवे केस मिसळत जातात, म्हणून ती डोक्याला चिकटून उतरते. एकीची आजी मुद्दाम आली होती. तिने आगवळ आणलं होतं, टोकाला गोंडे असलेला काळा दोरा, आणि डब्यात जपून ठेवलेलं गंगावन. "केस पातळ झाले की मानेपासूनच हे पेडात घ्यायचं. कळतसुद्धा नाही कोणाला," म्हणाली, आणि नातीच्या वेणीत घालून दाखवलं. खरंच कळलं नाही. बोटं न बघता चालत होती, गप्पा आमच्याशी. प्रत्येक चालीनंतर ती मधल्या पेडाला अंगठ्याने एकदा खाली दाबते, त्यानेच वेणी घट्ट बसते. हे फळ्यावरच्या तीन ओळींत नव्हतं. घातलं.

फुटबॉल खेळणाऱ्या मुलाने कॉर्नरोजचे फोटो आणले. आफ्रिकेतली ही जुनी कला, डोक्यालगत बारीक बारीक वेण्यांच्या ओळी. कृती बघितली तर सागरवेणीचीच : पुढे जाता जाता खालचे केस उचलत राहायचे. फरक ओळीच्या बारकाईत, आणि ओळ डोक्यावरून कशी वळवायची त्या आखणीत. त्याला शाळेत तशा घालायला परवानगी नाही, मुलींना मात्र दोन वेण्या नि लाल रिबिनी सक्तीच्या. यावर मी काही बोलले नाही, नोंद करून ठेवतेय.

रोज ताणून बांधलं की कानशिलाजवळचे केस विरळ होतात, त्वचेचे डॉक्टर त्याला ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात. आजींनी हे ऐकून मान डोलावली आणि नातीची वेणी थोडी सैल केली.

२१ ऑगस्ट

कुर्ल्याच्या एका गाळ्यात नाड्या विणणारी यंत्रं बघून आलो. आवाज इतका की खुणांनीच बोलायचं. पत्र्याच्या चकतीवर आठाच्या आकड्यासारख्या खाचा, त्यांतून रिळं उभी पळतात. निम्मी या बाजूने, निम्मी उलट्या बाजूने, समोरासमोर आली की एक आतून आणि एक बाहेरून. मधोमध वर नाडी उगवत जाते. गोल दोरीच्या यंत्रावर सोळा रिळं. चपट्या नाडीच्या यंत्रावर तेरा, तिथे वाट पूर्ण गोल नसते, शेवटाला पोचलं की रीळ मागे वळतं. एक सूत तुटलं की यंत्र आपोआप थांबतं. कारागीर गाठ मारतो, कळ ओढतो, परत सुरू.

परतीच्या गाडीत एक मुलगी म्हणाली, "बाई, हा तर गोफ आहे." तिच्या आजोळी मालवणकडे बघितला होता. दक्षिण गोव्यात शिगम्याला नाचतात तो तोच : वर एका ठिकाणी दोऱ्या बांधायच्या, प्रत्येकाने एक टोक धरायचं आणि नाचता नाचता वेणी घालायची, मग उलट नाचून सोडवायची. प्रदर्शनाच्या उद्घाटनाला काय करायचं, हा प्रश्न कुर्ला ते परळमध्ये सुटला.

२९ ऑगस्ट

आधी टेबलावर. टाचणीला आठ दोरे, चार या दिशेने, चार त्या दिशेने, एकाआड एक. पहिल्या भेटीत घड्याळाच्या दिशेचे बाहेरून, दुसरीत आतून, असं आलटून पालटून. आठ भेटींनंतर प्रत्येक दोरा आपल्या जागी.

खरी मजा रंगांची. घड्याळाच्या दिशेचे चारही लाल आणि उलटे चारही पांढरे ठेवले तर वेणीवर आडवे पट्टे येतात : एक ओळ लाल, एक ओळ पांढरी. कारण एका भेटीत सगळे लाल एकदम बाहेर, पुढच्या भेटीत सगळे पांढरे. आता तेच दोरे दोन लाल, दोन पांढरे, दोन लाल, दोन पांढरे असे उभे केले. पावलं तीच, फक्त उभं राहायची जागा बदलली. वेणीभोवती मळसूत्रासारखे तिरके पट्टे चढत गेले. सरांनी वहीत सगळ्या भेटी लिहून काढल्या तेव्हा आडवे पट्टे तिरके का होतात ते पटलं. लाल चौकोन प्रत्येक भेटीला एक घर सरकतो.

मग सर सूर्यावर गेले. तिथली चुंबकीय बलरेषांची कमान दोन पायांवर उभी असते, आणि पृष्ठभागावरचा वायू सतत खदखदत असल्यामुळे हे पाय सरकत राहतात. पाय फिरले की वरच्या रेषा एकमेकींत गुंफल्या जातात, आणि तो ताण अचानक सुटताना उष्णता बाहेर पडते. सूर्याचं बाहेरचं वातावरण, किरीट, पृष्ठभागापेक्षा इतकं तापलेलं का, याचं हे एक उत्तर सूर्याचे अभ्यासक यूजीन पार्कर यांनी सुचवलं होतं. २०१२ मध्ये हाय-सी नावाच्या रॉकेटवरच्या दुर्बिणीने अशा गुंफलेल्या रेषा टिपल्या. इथे मात्र पेड खरोखर एकावरून दुसरा जातात. म्हणजे निसर्गातली वेणी नदीत नव्हे, सूर्यावर मिळाली, आणि तीही गोफाच्याच पद्धतीने, जमिनीवरची टोकं हलवून. भूगोलाच्या बाईंना उद्या सांगायचंय.

१९ सप्टेंबर

गणपतीच्या सुट्टीनंतर सभागृहात पहिला सराव. पंख्याचा एक हुक रिकामा होता, त्याला लोखंडी कडी, कडीला भुलेश्वरहून आणलेल्या सुती दोऱ्या, चार लाल, चार पांढऱ्या.

ढोलकीवर पावलं बसतात, पण "आत, बाहेर" मोठ्याने म्हटल्याशिवाय होत नाही. वेणी वरून खाली वाढते तशा दोऱ्या आखूड होतात, वर्तुळ लहान होतं आणि खांदे खांद्यांना लागायला लागतात. हातात वावभर दोरी उरली की थांबायचं, त्यापुढे नाच नाही, चेंगराचेंगरी.

सोडवणं अवघड. सगळ्यांनी मागे वळायचं आणि ज्याने शेवटच्या भेटीत बाहेरून ओलांडलं त्यानेच उलट फिरताना पहिल्यांदा बाहेरून जायचं. एकाने जरी आत-बाहेर बदललं तर वर गाठ बसते आणि शिपाईमामांना शिडी आणावी लागते. आज आणावी लागली. मामा शिडीवरूनच म्हणाले, "लाल टोपीवाला चुकला." ते खाली उभे राहून सगळं मोजत होते म्हणे. उलट्या फेरीला आवाज द्यायचं काम आता त्यांच्याकडे.

४ ऑक्टोबर

फलकांची मांडणी पक्की. दारात बाटल्यांची जोडी, पिळाची फिरणारी आणि वेणीची स्थिर. मग तीन रंगांची सुतं, पाहुण्यांनी स्वतः एक ओढून काढायचं, म्हणून पन्नासेक जुड्या आधी तयार ठेवायच्या. चप्पल परत गेली, तिचा फोटो लागेल. नदी आणि शनी खिडकीजवळ, सूर्य गोफाशेजारी. भूगोलाच्या बाईंनी नदीच्या फलकाचा मथळा स्वतः लिहून आणलाय, माझ्या मथळ्यापेक्षा बराच लांब आणि थोडा रागावलेला. तोच लावतेय.

गोफ तिरक्या पट्ट्यांचा करायचा ठरला, आडवा लांबून नुसता गुलाबी दिसतो. आठांपैकी एकजण कायम आजारी पडतो, म्हणून राखीव दोघे, दोन्ही दिशांना एकेक, कारण एका दिशेच्या पावलांची सवय दुसऱ्या दिशेला चालत नाही. जास्तीच्या दोन दोऱ्या भुलेश्वरहून सोमवारी आणायच्या, त्याच जाडीच्या.